आंदणाच्या दोन पेट्या

"ही एवढी जागा कोनासाठी सोडली?"

संजीवनीनं असं विचारलं तेव्हा बुलढाण्याजवळच्या चिखलीतलं ते भांड्यांचं दुकान लग्नसराईच्या गिऱ्हाइकांनी गच्च भरलं होतं. पातेल्यांवर पातेली आपटत होती, मावश्या-आत्या ताटं उजेडाकडे धरून पारखत होत्या. तिच्या आवाजानं सगळ्या क्षणभर थांबल्या. काउंटरमागच्या तरुणानं नाव घालायचं मशीन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि समोरच्या स्टीलच्या पेटीकडे पाहिलं. झाकणावर अक्षरं मोठी देखणी उमटली होती — चि. सौ. कां. संजीवनी. त्यापुढे मात्र वीतभर झाकण कोरंच होतं.

"ते… आडनावाची जागा आहे," तो म्हणाला. "सोयरीक जमली की घेऊन या. घालून देतो."

"आडनाव आहे ना मले. जन्मापासून आहे."

"तसं नाही हो. नवीन…"

"मी तुमाले काय सांगून गेली होती?"

"नाव, रक्तगट अन् फोन नंबर." त्याचा आवाज आपोआप खाली गेला.

"मंग ह्या चि. सौ. कां. कोन बाई आहेत?"

मागे कुणीतरी आत्या खुदकन हसली. तो मात्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"हात बसला आहे हो. सकाळपासून नुसती नवऱ्या पोरींचीच भांडी. पोरीचं नाव आलं की हात तिथूनच सुरू होते अन् तिथंच थांबते."

चूक खरी तर त्याची एकट्याची नव्हतीच. आमच्या या भागात पोरगी दहावी झाली न झाली की आई आंदणाची भांडी जमवायला लागते. आज एक पातेलं, पुढच्या दिवाळीला सहा ताटं. प्रत्येकावर पोरीचं नाव, आणि नावापुढे जागा सोडलेली, कुठल्यातरी अनोळखी घराच्या आडनावासाठी. संजीवनीच्या आईनं, पुष्पाबाईंनी, या दोन चौकोनी पेट्याही अशाच घेऊन ठेवल्या होत्या. जाड पत्रा, कडी-कोयंडा, कोपऱ्यांना पट्ट्या. त्यात साड्या ठेवायच्या असा आईचा बेत होता, आणि लेकीचा बेत अगदीच वेगळा होता.

"रक्तगट कायले पाहिजे पेटीवर?" त्यानं भीतभीत विचारलं.

"पडली तं कोनाले तरी कळला पाहिजे." तिनं हनुवटीनं बाहेर दाखवलं.

दुकानाच्या पायरीशी एक मोटारसायकल उभी होती. उंच, मळकट पांढरी, पुढे मडगार्डची लांब चोच, अंगावर दहा वर्षांचे ओरखडे. डोंगरदऱ्यांतून लांबवर हिंडायला बनवलेली ही गाडी खामगावच्या एका डॉक्टरांनी हौसेनं घेतली होती, एकदा पडले आणि शेडमध्ये झाकून ठेवली. संजीवनीनं ती आपल्या पगारातून घेतली. एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये ती सर्व्हिसचं काउंटर सांभाळायची, त्यामुळे पान्यांची तिला भीती नव्हती. पुढच्या शॉकअपमधून गळणारं तेल तिनं थांबवलं होतं, हँडलचे बेअरिंग बदलले होते, चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रं नवी घातली होती. मळ्यातल्या गोठ्याशेजारी बसून सगळं स्वतः केलं होतं.

"कुठं जाता हिच्यावर?"

"स्पितीले. हिमाचलच्या पार वर."

"एकट्या?"

"दिसून राह्यलं का कोनी मागं?"

त्यानं खरंच मागे पाहिलं, आणि मग आपणच हसला. हसताना त्याचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसे. संजीवनीच्या ते लक्षात आलं… आणि लक्षात आलं याचाच तिला राग आला.

"हे पुसून टाका."

"स्टील आहे. बफनं घासलं तं अक्षर जाईन, पण चट्टा राहीन."

"राहू द्या मंग असंच. दुसरीवर नीट घाला. मी इथंच उभी राहते, हात कुठं जाते पाहते."

त्यानं मान खाली घातली आणि दुसऱ्या पेटीवर फक्त संजीवनी, रक्तगट आणि दहा आकडे कोरले. मशीनची भुणभुण थांबली तेव्हा त्यानं फुंकर मारून चुरा उडवला.

"माहं नाव हरिओम," तो म्हणाला. "दुकान आमचंच आहे. अन् एक सांगून ठेवतो, उगाच नंतर म्हणाल… हातानं कोरलेला नंबर मी विसरत नाही."

"विसरायचा प्रयत्न करा," ती म्हणाली. पण पेट्या उचलताना तिनं ओठ दाबून धरले होते, हे त्यानंही पाहिलं असावं.

नाकावर माशी बसू न देणारी ही पोरगी अशी का झाली, ते सांगायला हवं. शाळेची सहल निघाली तेव्हा शालिग्रामभाऊ, तिचे वडील, म्हणाले होते, "लग्नानंतर फिर पायजे तेवढी." पोहायला शिकायचं म्हटलं, तेव्हाही तेच. पुण्याला नोकरी आली, तेव्हाही तेच. माणूस वाईट नव्हता. भाजीचा मळा कष्टानं राखणारा, लेकीवर जीव टाकणारा. पण तिच्या वाट्याचा प्रत्येक आनंद त्यांनी त्या अनोळखी आडनावाच्या घरी नेऊन ठेवला होता. गाडी आली त्या दिवशीही ते म्हणाले, "घेतली तं घेतली. लांब जायचं ते लग्नानंतर." आणि संजीवनीनं त्या दिवशी ठरवलं की यंदा मृगाच्या आत निघायचं. ही एक गोष्ट तरी लग्नाच्या आधी, स्वतःच्या नावावर करायची.

चार दिवसांनी फोन आला.

"पेट्या गाडीले बसल्या का?"

"बसल्या. तुमी कोन?"

"प्रयत्न केला. नाही विसरता आला."

ती हसली आणि मग चांगला अर्धा तास बोलत राहिली. कापडी बॅगा का नकोत, ते त्याला सांगितलं. कापडी बॅग हलकी असते, पडल्यावर पाय अडकला तरी हाड मोडत नाही, हे सगळं खरं. पण तिला कुलूप हवं होतं. अनोळखी गावात ढाब्यावर जेवायला बसताना सामानाकडे बघत घास गिळायचा नव्हता. आणि रात्री तंबूबाहेर बसायला काहीतरी टणक हवंच की! वेल्डिंगवाल्या रंगरावांनी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पेट्यांसाठी पाइपाची चौकट करून दिली होती. उजवीकडे सायलेन्सर, म्हणून तिकडची पेटी जरा बाहेर निघाली होती.

"म्हणजे गाभण म्हैस दिसत असन," हरिओम म्हणाला.

"माह्या गाडीले म्हैस म्हणता?"

"गाभण म्हैस घरात मानाची असते हो!"

दोन्ही पेट्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. तितका मोठा काटा कुणाकडे असणार? भांड्यांच्या दुकानात. तांब्या-पितळेची भांडी तोलायचा काटा हरिओमनं दुपारच्या सुस्त वेळी मोकळा करून दिला. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत पंखा करकरत होता, आणि ती दोघं काट्याच्या दोन बाजूंना उकिडवी बसली होती.

"हे उलथणं कायले घेतलं?"

"ते टायर काढायचं लिव्हर आहे."

"अन् हे दुसरं?"

"एका उलथण्यानं टायर निघत नाही." ती गालात हसली. "हा आरसा काढ. अन् ती दुसरी चादर." आपण 'काढ' म्हणालो हे तिला उशिरा कळलं. त्याला लगेच कळलं होतं.

पत्र्याच्या झाकणांतून पाणी शिरू नये म्हणून कुकरची रबरी रिंग कापून आत चिकटवायची, ही युक्ती त्याची. एक तिनं चिकटवली, एक त्यानं. मग काटा पुन्हा तोलला, तर डावी पेटी जरा जड निघाली. तिनं शोधलं. पान्यांच्या खाली एक इवलंसं फुलपात्र होतं.

"हे कोनाचं?"

"तुहं. तिथं थंडीत चहा पिशील तं… कोनाच्या उष्ट्या कपात काऊन प्यायचा?"

"तोलात बसत नाही."

"उजवीकडं ठेव मंग. तिकडं अजून जागा आहे." तो काट्याकडे बघत म्हणाला. "थोडीशीच आहे. पण आहे."

पंखा करकरत राहिला. संजीवनीनं फुलपात्र उजव्या पेटीत ठेवलं. काटा सरळ झाला.

भरल्या गाडीची परीक्षा घाटात घ्यायची होती. मागच्या सीटवर तंबू, पाणी, पेट्रोलची कॅन येणार. तेवढं वजन आणायचं कुठून?

"मी येतो की," हरिओम म्हणाला.

"तुले चालवाले देणार नाही."

"मले येतेच कुठं असली गाडी चालवता? मी मागं बसतो."

"मंग पोतं म्हणून बस. सोयाबीनचं पोतं. हलायचं नाही, बोलायचं नाही."

बुलढाण्यावरून पुढे राजूर घाट उतरताना पोतं एकदाही हललं नाही. बोललं मात्र अखंड. वळण आलं की "सावकाश", माकडं दिसली की "नमस्कार मंडळी". पोरगी पुढे आणि पोरगा मागे, हे बघायला दोन माणसं तर चालत्या दुचाकीवरून वळून पडायच्या बेतात आली. संजीवनीनं त्यांच्याकडे बघून हॉर्न वाजवला. लपायचं काय त्यात?

घाटाच्या खाली वळवाची सर आली. टपोरी, तिरपी, मातीचा वास उधळणारी. दोघं धावत चहाच्या टपरीत शिरली, आणि सर ओसरल्यावर पेट्या उघडल्या. तिनं चिकटवलेल्या रिंगची पेटी आतून खडखडीत कोरडी. त्यानं चिकटवलेल्या पेटीत ओंजळभर पाणी.

"सांध्यात फट ठेवली तू!"

"भांड्यात पाणी आत ठेवायची सवय आहे मले," तो ओशाळून म्हणाला. "बाहेर ठेवायची नाही."

ती इतकी हसली की टपरीवाल्या बाई पण हसू लागल्या. एकाच फडक्यानं पेटी पुसताना दोघांची बोटं एकमेकांत आली. दोघांनीही घाई केली नाही. त्याच्या चष्म्यावर थेंब होते. तिनं तो काढला, आपल्या ओढणीच्या कोरड्या टोकाला पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला. तेवढ्यात चिखलीची एसटी समोरून गेली, खिडकी खिडकीतून डोकी बाहेर.

"उद्यापर्यंत गावभर होईन," तो म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. तिला मनापासून बरं वाटत होतं.

गावभर झालंच. पण पुढे घडलं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आठवड्याभरात नारायणराव, हरिओमचे वडील, सहकुटुंब मळ्यातल्या घरी हजर! आरडाओरडा नाही, भांडण नाही. चहा झाला, फरसाण झालं. शालिग्रामभाऊ तर खुलून गेले होते.

"लोकाईनं बोलण्यापरीस आपणच बोलून मोकळं व्हावं," ते म्हणाले, आणि त्यांनी सोयरीक पक्की म्हणून हरिओमच्या हातात नारळ ठेवला. "वैशाखातली शेवटची तीथ धरू. मंग दोघं जा त्या स्पितीले. मी काय अडवतो?"

जन्मात पहिल्यांदा बापानं जा म्हटलं होतं. सगळे हसले. हरिओमही हसला, तो चढलेला दात दाखवत, अगदी मनापासून.

"म्हणजे गाडी तीच, पेट्या त्याच, रस्ता तोच," संजीवनी सावकाश म्हणाली. "फक्त संग नवरा असला की मले सगळं जमते. असं आहे का, बाबा?"

"असं कोन म्हणते…"

"तुले पोट्टा आवडत नाही का?" पुष्पाबाई घाबरून मध्ये पडल्या.

"आवडते." तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मान ताठ ठेवून. "लय आवडते. पण तो माह्या गाडीचं लायसन नाही."

नारायणरावांचा कप बशीत वाजला. संजीवनीनं हरिओमकडे पाहिलं. आता तरी हा काही बोलेल! त्याच्या हातात नारळ होता, ओठांवर हसू अजून अर्धवट रेंगाळलेलं. तो बोलला नाही. ती उठून गोठ्याकडे निघून गेली.

पुढचे दिवस तिनं गाडीपाशी काढले. ब्रेकचे पॅड बदलले, क्लचची एक वायर जास्तीची बांधून घेतली, गळकी रिंग खरवडून नवी चिकटवली. हात कामात, मन नाही. हेच तर तिला नको होतं! कोणीतरी आवडायचं आणि त्या आवडण्याचंच दावं व्हायचं. त्याचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. उजव्या पेटीतलं फुलपात्र काढून टाकायला म्हणून ती दोनदा गेली, आणि दोनदा झाकण लावून परत आली.

एका सकाळी तो मळ्यात आला. हातात नारळ होता.

"बोललो नाही मी त्या दिवशी," तो सरळच म्हणाला. "मले वाटलं, दोन्ही भेटले. तूही, अन् प्रवासही. कायले बोलायचं?"

ती चेनला तेल देत राहिली.

"मंग दुकानात एका पोरीच्या परातीवर नाव घातलं. जागा सोडली. अन् मले कळलं, महिनाभर मी तुह्या पेटीवरच्या त्या जागेत माहंच आडनाव वाचून राह्यलो होतो. खोटं कायले सांगू? मले ते लय गोड वाटत होतं."

"अन् आता?"

"आताही वाटते." तो किंचित हसला. "पण जागा माही नाही ना. बाबाले सांगतलं, तीथ नाही. ती जाऊन येईन. आल्यावर तिनं विचारलं तं करीन लग्न. नाही विचारलं तं…"

"तं?"

"तं लोकाईच्या पोरींची नावं घालीन जन्मभर."

संजीवनीनं तेलाची बाटली खाली ठेवली. "तुहे बाबा काय म्हणाले?"

"बोलणं बंद आहे. हा नारळ मीच वापस आणला. काकांच्या हातात देतो अन् शिव्या खातो. तू नको येऊस मधात."

शालिग्रामभाऊंनी शिव्या दिल्या नाहीत. परत आलेला नारळ म्हणजे चार लोकांत मान खाली. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, भाजीच्या वाफ्यांकडे निघून गेले, आणि त्या दिवसापासून लेकीशी एक अवाक्षर बोलले नाहीत. संजीवनीला ते फार लागलं. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडलीही. पण निघायचा दिवस तिनं बदलला नाही.

त्या सकाळी गाडी अंगणात उभी होती. पेट्या चढल्या होत्या, मागे तंबू आवळून बांधला होता. शालिग्रामभाऊ दूर विहिरीपाशी पाठमोरे उभे. नवी वाट धरताना गाडीपुढे नारळ फुटायला हवा, आणि नारळ फोडायचा तो घरातल्या पुरुषानं, ही रीत. पुष्पाबाईंनी दोनदा विहिरीकडे पाहिलं. मग त्या आत गेल्या, ओट्यावरचा तोच नारळ घेऊन आल्या, पुढच्या चाकापाशी दगड सरकवला आणि पदर खोचला.

"आई, बायका फोडत नाहीत ना?"

"माहीत आहे मले," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि एका दणक्यात नारळाची दोन भकलं केली. पाणी चाकावर उडालं. विहिरीकडची पाठ वळली. बाप जवळ आला नाही. पण गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिला, आणि शेवटी, अगदी शेवटी, हात जरासा वर गेला.

संजीवनी थेट भांड्यांच्या दुकानासमोर थांबली. बाजार नुकता उघडत होता. गल्ल्यावर नारायणराव बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं. हरिओम मशीनवर होता. तिनं हेल्मेट काढलं आणि जाकिटाच्या आतून एक स्टीलचं ताट बाहेर ओढलं. तिच्याच आंदणातलं, अजून नाव न घातलेलं.

"सरक," ती म्हणाली. "मशीन दे."

"तुले नाही जमणार. हात घसरते."

"घसरू दे."

मशीन भुणभुणलं. अक्षरं वेडीवाकडी आली, एक वर तर एक खाली. आलेली गिऱ्हाइकं जमा झाली. नारायणराव पण, नको नको म्हणत, मान लांब करून बघू लागले. तिनं फुंकर मारली आणि ताट हरिओमसमोर ठेवलं.

चि. हरिओम यास, संजीवनीकडून सप्रेम भेट. ता.

त्यापुढे वीतभर जागा कोरी होती.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "चि. काऊन घातलं?" त्याचा आवाज जरा ओला झाला होता.

"जिवंत राहा म्हणून. मी येईपर्यंत."

"अन् तारीख?"

"ती मी आल्यावर घालीन. माह्या हातानं." ती जरा वाकली, त्याचा कपाळावरचा चष्मा नाकावर आणून ठेवला. "तोपर्यंत या जागेले कोनी हात लावायचा नाही. तूही नाही."

"घाटात सावकाश," तो म्हणाला.

"पोतं नाही ना मागं. आता कोन सांगणार?"

तिनं हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली. गिअर टाकता टाकता तिला मागे एका गिऱ्हाईक बाईचा आवाज आला. बाईंनी ते ताट उचललं होतं.

"हे केवढ्याले, भाऊ?"

"ते इकायचं नाही, मावशी," हरिओम सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "माह्या आंदणातलं आहे."